बैलाची चुकीची बाजू

...आणि वर मलाच म्हणतो, "काकू, तुम्ही चुकीच्या बाजूनं बघताय!" आता तुम्हीच सांगा, बैलाला चुकीची बाजू असते का? असते, एकच असते, मागची, कारण तिथं लाथ बसते! पण ह्या बैलाची मागची बाजू कुठली आणि पुढची कुठली हेच कळेना, म्हणून तर मी सगळ्या गावासमोर पदर सांभाळत गोल गोल फिरत होते, वडाला फेऱ्या घातल्यासारखी... आणि हा पोरगा, लहानपणी माझ्याच पदराला नाक पुसणारा, आता दाढी वाढवून मला शिकवतोय, बघायचं कसं! जाऊ दे. मला बाई कलेतलं काय कळतं!

नाही, पण पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई उगीच करवादतेय. आमचं गाव औंधाच्या अलीकडं, एस.टी. थांबते पण ड्रायव्हरचा मूड असेल तर. तर आमच्या घरात एक बैल होता, हरण्या. खिलार, पांढराधोट, शर्यतीचा. सातारा म्हणू नका, सांगली म्हणू नका, जिथं मैदान तिथं हरण्या, आणि जिथं हरण्या तिथं आमचं सगळं गाव टेम्पो भरभरून! म्हातारा होऊन गेला तेव्हा गुलाल उधळून, वाजतगाजत पुरला त्याला. पुरुष माणसं ढसाढसा रडली. आमचे सुभेदार, म्हणजे आमचे मालक जोतीराम, सगळी नोकरी बर्फात काढली पण डोळ्यांतून टिपूस नाही, तेसुद्धा गोठ्यामागं जाऊन नाक शिंकरून आले.

रडल्या नाहीत त्या एकट्या आत्याबाई. माझ्या सासूबाई हो, बनुबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. हरण्या वासरू असल्यापासून त्यांनी वाढवलेला. बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याच्या, आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात बघा, खांदमळणी, तो मान आमच्या घरात त्यांचा. वर्षभर जू ओढून खांदा सोलवटतो, त्याला तेवढाच थंडावा. त्याची एक पितळी वाटी होती. हरण्या गेला आणि आत्याबाईंनी ती वाटी फळीवर पालथी घातली, गोठ्याकडं पाठ केली, बोलणं कमी, जेवण त्याहून कमी.

आणि मग आमचे सरपंच लालासाहेब एक दिवस घरी आले आणि म्हणाले, "आवं आत्ती, हरण्याचा पुतळा बसवायचा ठरलंय, स्टँडवर!" तर ही बाई एवढ्या दिवसांनी नीट बोलली. काय बोलली? "खांदा असंल न्हवं त्याला?"

लालासाहेब हसले. मी पण हसले. म्हटलं, "आत्याबाई, खांद्याशिवाय बैल असतो का कुठं?" असं मी म्हटलं, माझ्या तोंडानं! दुसऱ्या दिवशी बघते तर वाटी चिंच लावून घासलेली, लखलखीत, खिडकीत उन्हाला ठेवलेली.

आता पुतळा करणार कोण, तर सरपंचांचा पुतण्या धैर्यशील. मुंबईला जाऊन कलेचं शिकून आलेला. ग्रामसभेत लालासाहेब उभे राहिले, छाती पुढं काढून म्हणाले, "मंडळी, आपला धैर्यशील हरण्याचं अमृत शिल्प करणार हाय! अमृत!" टाळ्या! अहो, अमृत म्हटल्यावर नको कोण म्हणेल? मागनं एकानं तर विचारलं, "त्यातनं पाणी बी येणार का?" सगळ्यांचे हात वर, ठराव मंजूर. पोरगं बिचारं उभं राहून सांगत होतं, "काका, अमृत नाही, अमूर्त! अ-मूर्त!" पण तोपर्यंत चहा आला होता.

अमूर्त म्हणजे काय ते मला नंतर कळलं. त्याच्या शेडवर मी मुद्दाम गेले, डब्यात धपाटी घेऊन, म्हटलं बघून तरी येऊ. तिथं बघते तर काय... बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावा, ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे, नांगराचे फाळ, आणि हा डोळ्याला काळी काच लावून ठिणग्या उडवतोय! म्हटलं, "धैर्या, बैल कुठाय?" तर म्हणतो, "काकू, मी बैल करत नाहीये. मी गती करतोय. हरण्याची गती!"

"बरं बाबा, गती कर. पण गतीला खांदा आहे ना?"

तर माझ्याकडं असा बघायला लागला, जसं काय मी देवळात चपला घालून आले! म्हणतो, "काकू, कला समजून घ्यायची नसते, ती भिडायला लागते."

"आणि नाही भिडली तर?"

"तर मग बघणाऱ्याची तयारी कमी पडते."

वा! काय सोय आहे बघा! मी आमटी करते, खारट झाली तर पाव्हण्याला म्हणते का, "दाजी, तुमच्या जिभेची तयारी कमी आहे"? गपचूप दोन बटाटे चिरून टाकते आणि माफी मागते! स्वयंपाकाला एक नियम आणि ह्यांना एक! पण म्हणणार कुणाला? मला बाई कलेतलं काय कळतं!

आता तुम्ही म्हणाल, ही बाई अडाणी, हिला फोटोसारखं हुबेहूब पाहिजे. मुळीच नाही! गावातल्या लोकांचं तरी काय सांगू? त्यांचं म्हणणं, बैल पाहिजे तर पलीकडच्या गावात डेअरीसमोर सिमेंटचा उभा केलाय तसा पाहिजे. बघितलाय मी तो. गुलाबी नाकपुड्या, लांब लांब पापण्या, ओठ लालभडक, गालातल्या गालात हसतोय! नथ घातली असती तर लग्नाला उभा राहिला असता. आणि त्याच्यासमोर लोक फोटो काढतात आणि म्हणतात, "काय जिवंत केलाय गड्या!" अरे, ज्यांच्या दावणीला रोज बैल हंबरतोय, त्यांना तो जिवंत वाटतो? बहुमत घेतलं तर तोच महान ठरायचा, आणि गाढवाला रंग दिला तर ते उपमहान!

मला विचाराल तर माझं माप साधं आहे. औंधाला यमाईला गेलं की आम्ही बायका तिथल्या संग्रहालयात डोकावतोच. तिथं एका बाईच्या चित्रासमोर माझे पाय थांबतात. कुणी सांगितलं नाही थांब म्हणून, पाटी वाचली नाही, कोणाचं, कधीचं, काही ठाऊक नाही. पण दर वेळी पाय थांबतात, आणि मागच्या बायका ढकलतात, "चल गं, एस.टी. जाईल!" तर हे माझं माप. समजावून सांगायला लागलं की समजायचं, काहीतरी कमी आहे. खरं मोठं असेल ते पाय थांबवतं. मॅट्रिकच्या शिक्षणात एवढंच बसतं.

तर दिवस आला. आणि मुहूर्त कुठला काढला लालासाहेबांनी? बेंदराच्या आदल्या दिवसाचा! खांदमळणीचा! मी आत्याबाईंना शेडमधलं काही सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? सकाळपासून वाटीत तूप कालवून, हळद घालून, इरकल नेसून बसल्या होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, गर्दी असेल, उन्हाचं कशाला, मी लावून येते की." तर म्हणाल्या, "तुझा हात त्याला चालायचा न्हाई." झालं!

स्टँडवर ही गर्दी. हलगी वाजायला लागली, लालासाहेबांनी कापड ओढलं... आणि हलगीवाल्याचा हात वरच्या वर राहिला! एवढी शांतता आमच्या स्टँडवर कधी झाली नव्हती, लॉकडाऊनमध्येसुद्धा नाही.

मग कुणीतरी म्हणालं, "बैल आत हाय का?"

दुसरा म्हणाला, "आरं, अजून एक कापड आसंल."

आमचे सुभेदार पुढं झाले, मिशीवरनं हात फिरवला आणि म्हणाले, "ये टँक का पुर्जा है. मैंने देखा है." मग काय, एकच गोंधळ! तोंड कुठाय? शिंगं कुठायत? शेपूट तरी दाखव! एकजण एका पाट्याला शिंग म्हणतोय, दुसरा त्यालाच पाय म्हणतोय, दोघं हातघाईवर आले. लालासाहेबांचा चेहरा उतरलेला, पुतण्याला दबक्या आवाजात म्हणतायत, "आरं, अमृत म्हणला हुतास की रं!" आणि तेव्हाच मी गोल गोल फिरत होते, खांदा शोधत! हो, खांदाच शोधत होते, कारण आत्याबाईंना शब्द मी दिला होता! आणि हा म्हणतो, चुकीच्या बाजूनं बघताय!

एवढ्यात गर्दी बाजूला झाली. आत्याबाई, हातात वाटी. नजर त्यांची अजून तांदळातला खडा वेचणारी आहे, तेव्हा दिसलं नसेल म्हणू नका. म्हटलं, आता ही बाई वाटी इथंच टाकणार, घरी जाऊन पुन्हा भिंतीकडं तोंड करणार, आणि मी ह्या दाढीवाल्याची दाढी उपटणार!

तर आत्याबाई आल्या आणि त्यांचे पाय थांबले.

थांबले हो! मी शपथेवर सांगते! गोल फिरल्या नाहीत, मान तिरकी केली नाही. सरळ पुढं गेल्या, एका वाकड्या पाट्यावर हात ठेवला, तळहातानं चाचपला आणि म्हणाल्या, "हितं." आणि त्या गंजक्या लोखंडाला हळद-तूप चोळायला लागल्या! चोळता चोळता माझ्याकडं बघून म्हणतात, "बग गं राजेश्वरे, बसलाय कसा. रवंथ करतोय."

धैर्यशील कळवळला! "आजी, बसलेला नाही तो! ही गती आहे, वेग आहे!"

"आरं लेकरा, दमल्यावर बसंल न्हाईतर काय करंल?"

मग पुरुष माणसं सुरू झाली. "आवं आत्ती, हरण्या म्हंजी पळणारा! बसलेला हरण्या कुणी बगितलाय?"

आत्याबाईंनी हात थांबवला नाही. मान वर केली नाही. नुसत्या म्हणाल्या, "पळताना तुमी बगितला. मला कुणी कवा न्हेलं हुतं मैदानात? माझ्याकडं त्यो दमूनच यायचा."

सुभेदारांनी टोपी काढली. सगळ्या गावाचा एक हरण्या, आणि तिचा एक, आणि ह्या भंगारात सापडला तो तिचा!

म्हणजे आता माझी पंचाईत बघा. माझंच माप, पाय थांबले तर मोठं. आणि पाय थांबले माझ्याच सासूचे! मी नंतर दुपारी एकटी जाऊन बघितलं, म्हटलं आपल्यालाही दिसतोय का. डोळे बारीक केले, मान तिरकी केली, खाली बसून बघितलं, एस.टी.तले लोक मला बघायला लागले... पाटा! नुसता पाटा!

आणि कहर म्हणजे मागून पुण्याचे एक समीक्षक आले. आत्याबाईंचं सगळं ऐकलं आणि धैर्यशीलला म्हणाले, "गतीच्या पोटातलं स्थैर्य! थोर कलाकृती!" आणि हा पोरगा, ज्यानं बसलेला नाही, बसलेला नाही म्हणून जीव काढला होता, मान हलवत म्हणतो, "हो सर, तेच म्हणायचं होतं मला." अरे!

मग ते माझ्याकडं वळले. "ताई, तुम्हाला काय दिसतं ह्यात?"

आता काय सांगू त्यांना? हरण्या पळायचा गावासाठी, दमून बसायचा आत्याबाईंकडं, आणि माझ्याकडं काय होतं? शेण! रोज सकाळी पाटी भरून! आणि आताही आत्याबाईंचा हुकूम, हरण्या स्वच्छ पाहिजे. कावळे नेमके त्याच खांद्यावर बसतात, आणि बादली घेऊन स्टँडवर जातं कोण? थोर असो नाहीतर भंगार असो, त्यांचं ठरेल तेव्हा ठरेल... माझ्या वाट्याला बैलाची तीच बाजू, काल शेणाची आणि आज शिटांची. आणि ती मात्र कुठूनही बघा, स्पष्ट दिसते! मला बाई कलेतलं काय कळतं!