भिंतीला पाणी ह्यांनीच मारलं

माहेर माजं खर्डीकडचं, दिलं इकडं वैशाखऱ्याला. आले तवा हे घर कुडाचं, कारवीच्या काठ्या नि वर शेणमातीचा लेप, दरसाल लिंपायचं, माजे हात त्यातच झिजले. पण काय सांगू तुमाला, गारेगार घर! आमच्या ह्यांची नजर गेली काचबिंदूनं, तरी घरात काठी कधी धरली नाय, कुडाला हात लावत मोरीत जायचे, ओट्यावर यायचे, गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवरनं हात फिरवून यायचे. मानी माणूस, कुणी हात धरला की झिडकारायचे.

पोरगा माजा मुरबाडला कंपनीत हाय, तो बोलला, आये, कुडाला वाळवी लागली, आता विटांचं बांधू. मेढ तेवढी ठेवू, मधला खांब, आमच्यात त्याला हळदकुंकू लावतात. कूड पाडला नि आमी गोठ्यात राहायला गेलो, तर हे खाटेवर बसले ते बसलेच. पाणी प्यायला मला हाक, मोरीला जायला मला हाक. बोलले, आता नव्या घरात मी पाव्हणा. जेवण तुटलं ह्यांचं. माजा जीव तुटायचा हो, रागपण यायचा, काढू कुणावर?

काढला सुनेवर. कारण तिनं काय केलं, भिंत गुडघ्याएवढी आली तर पाण्याचा पाइप आणून ह्यांच्या हातात दिला. नव्या भिंतीला सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं ना, नायतर सिमेंट धरत नाय. बोलली, मामा, मला पोरांचे डबे करायचेत, भिंतीला पाणी तुमी मारा. डब्याचं नुसतं निमित्त हो! मी बोलले, डोकं फिरलंय का गो तुजं, विटांत पाडशील म्हाताऱ्याला. तर बोलते कशी, आते, पडले तर उचलू.

एका हातात पाइप, दुसरा भिंतीवर. पहिल्याच दिवशी पडले, गुडघा फुटला, मी सुनेला नाय नाय ते बोलले, नि हे मलाच बोलतात, गप गो, इथं दार हाय ते कळलं मला. मग भिंत कमरेला आली, छातीला आली, हे रोज भिजून ओलेचिंब, गवंड्याला विचारायचे, हा कोपरा काल बांधलास काय रे, लई पाणी पितोय. नि भाकरी मागून खायला लागले.

घरभरणीला पाव्हणे जमले. सगळेच गोंधळलेले, माजी बहीण मोरी शोधत देवाच्या खोलीत शिरली. हे मेढीपाशी उभे होते, मेढीला हात लावला नि तिथनं निघाले, बोलले, चला, घर दाखवतो. पुढं हे नि मागं सगळे डोळेवाले! सून चुलीपाशी पदर डोळ्याला लावून उभी, माजंपण तेच.

मी अजून चुकते. परवा चौकटीवर आपटले, तर आतनं हे बोलतात, अगो, जरा डावीकडं हो. देवानं अशी सून घरोघरी द्यावी. तिच्या तोंडावर मी बोलत नाय, डोक्यावर बसंल माज्या. तुमी मात्र लिहा.