स्टील गिटारला खोबरेल

—हसू नकोस प्रताप, खोबरेलच आहे ते. खुंट्यांच्या दात्यांत गोठलंय बघ, वर हळद-कुंकू. मीच घातलंय, गेल्या खंडेनवमीला. दरवर्षी दत्तप्रसाद करतो रे — गिटार पाटावर, तारा कोरड्या फडक्याने, खुंट्यांना एकेक थेंब तेल, मग फूल. पण सासूबाई गेल्या म्हणून तो सप्टेंबरात पुण्याला गेला आणि तिकडेच अडकला, तीनदा फ्लाइट कॅन्सल झाली. मग यंदा मी करते म्हटलं. तेल कुठलं? मला काय ठाऊक — आमच्याकडे केसांना, कुलपाला, बिजागरीला एकच बाटली. घातलं सढळ हाताने. मग फोनवर विचारतो कसा, शिवणमशीनचंच तेल घातलंस ना? — हो म्हटलं. कशाला खोटं बोलले? एवढा खूश झाला होता, म्हणून. नंतर पुसू म्हटलं, ते राहिलंच. आता मे आला, इथले ऋतू उलटे, स्कोफिल्ड्सची थंडी पडली, आणि सगळं दगड. जाताना तारा सैल करून गेलाय तो, आणि एक खुंटी फिरत नाही.

नुसत्या दोन तारा लावून दे. गाणं नको. त्याला मंडळात दर गणपतीत ऐकलंयस तू, तुला माहितीय सूर कुठला ते. बारा दिवस झाले तिकडे ऑक्सिजनवर आहे. या साथीत मला देशाबाहेर जायची परवानगी मिळत नाही, दोनदा अर्ज केला, सगळे सॉरी म्हणतात — गोड बोलतात मेले. परवा सिस्टरने त्याच्या कानाशी फोन धरला, तर म्हणाला, "मधल्या दोन तारा छेड ना, ऐकू दे." मी म्हटलं, उद्या. तेल घातलं कसलं ते तेव्हा तरी सांगायचं ना — नाही सांगितलं. उद्या म्हटलं. आणि काल सिस्टरचा फोनच आला नाही. मला भीती वाटते रे.

फडकं गरम पाण्यात बुडवू का? हेअर ड्रायर आणू? — हो, वाजतोय, ऐकू येतंय मला. चंद्रहास आहे, माझा दीर. सकाळपासून चौथ्यांदा. एरवी मेसेज टाकतो, फोन कधी करत नाही. का करत असेल? — असेल काहीतरी, बिलाचं, औषधाचं. आधी तारा लागू दे, मग घेते. नको, तू नको उचलूस. हात लावू नकोस त्याला. खुंटी बघ तू. फिरतेय?

वाजायचा थांबला.

ठेव ती गिटार खाली, प्रताप. तू जा आता. दार ओढून घे.