येशुदासची कोंबडी आणि आठवड्याचे वार

हसा, हसा बायांनो! जे पोटभर जेवले ते हसले तर मी समजू शकते, पण तुम्ही न खाता कशाला हसताय? तुम्हाला सांगते, ती कोंबडी माझ्या हातात होती, ह्या हातात, गरम, बोटं भाजत होती तरी सोडवत नव्हती, तोंड उघडलेलं, डोळे मिटलेले... आणि वार आडवा आला! माझं हे असंच, बाई. सगळं जुळून येतं, आणि वार आडवा येतो.

आता पहिल्यापासून सांगते. आपल्या दौंडात रेल्वे फाटकापलीकडं येशुदासनं कोंबडी तळायचं दुकान काढलं, ठाऊक आहे ना? येशुदास म्हणजे शिरूरचा, मिशनच्या आवारात वाढलेला, वीस वर्षं रेल्वेच्या साहेबांच्या बंगल्यावर खानसामा. साहेब गेले विलायतेला, आणि त्यांची कोंबडी राहिली ह्याच्या हातात. साधी नव्हे हो! आपण करतो ती रश्श्यातली, पाहुणे वाढले की पाणी वाढवायचं. ही कोरडी! मसाल्यात मुरवायची, अंड्यात बुडवायची, पावाच्या चुऱ्यात लोळवायची आणि कढईभर डालड्यात सोडायची. चर्रर्र! बावीस वर्षं दौंडात राहते, इंजिनाच्या धुरापलीकडं नाकाला दुसरा वास माहीत नाही, आणि त्या दिवशी अंगणात पापड वाळत घालतेय तोच त्या धुरातून वाट काढत तो वास आला... मी पापड हातात धरून तशीच उभी! कावळे येऊन जेवून गेले, मला पत्ता नाही!

तुम्ही म्हणाल, सरूबाई, मग जायचं आणि खायचं. असं कसं? वार नको बघायला? सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, हे तीन उपास माझे लग्नापासूनचे. आमच्याकडं खायचा वार रविवार. तर रविवारी दुकान बंद! येशुदास म्हणतो, "रविवारी उपासना अस्ती वैनी, आमच्या देवाचा वार हाय." घ्या! मी म्हटलं, बरोबर आहे, ज्याचा त्याचा देव, ज्याचा त्याचा वार. मग राहिले किती? मंगळवार, बुधवार, शुक्रवार. तीन! तीन वार काय थोडे झाले? मी तर हरखूनच गेले!

आणि हावरटपणा म्हणू नका हं. बावीस वर्षांत मी स्वतः न शिजवलेला गरम घास खाल्लेला नाही. लग्नकार्यात जावं, तर तिथंही वाढायला मीच, जेवायला शेवटच्या पंगतीला मीच, तोवर भाताचं गार ढेकूळ झालेलं. मला एकदा, एकदाच, खुर्चीवर बसून, ह्यांच्या शेजारी, दुसऱ्यानं केलेलं गरम गरम खायचं होतं. एवढंच हो!

पण ह्यांना सांगायचं कसं? आमचे हे रेल्वेत सांधेवाले. गाडीचे रूळ बदलतात, पण मत बदलत नाहीत. मी हळूच विषय काढला तर म्हणाले, "हाटेलात? तू? आन् समोरनं आमचा मुकादम आला तर पदर घेशील का घास?"

भांडण माझ्या स्वभावात नाही. देवापुढं निरांजन लावलं आणि म्हटलं, आई भवानी, ह्यांचं मन वळव, पाच मंगळवार उपास धरीन. आणि तुम्हाला सांगते, आई किती तातडीची! दुसऱ्या दिवशी हे कामावरून आले ते पायताण काढता काढताच म्हणाले, "येशुदासनं बायामाणसांसाठी पडदा लावलाय म्हनं. जाऊ कवातरी." आनंदाच्या भरात मी आठ भाकरी जास्त थापल्या!

आता मंगळवारी जाता येणार नाही, तो भवानीला दिला. जाऊ दे, दोन आहेत.

मग आत्याबाई. म्हणजे माझ्या सासूबाई. वय सत्तर, दात चार, पण मत सगळ्या गोष्टींवर! "का गं, घरातली चूल इझली का? कुठली कोंबडी, कवा कापलेली, काय ठावं! माझ्या सासूनं हाटेल बघितलं न्हाई, म्या बघितलं न्हाई, आन् तू जानार खुर्चीवर बसाया?"

मी पुन्हा देवघरात. पांडुरंगा, आत्याबाईंचा राग शांत कर, पाच बुधवार धरीन. तिसऱ्या दिवशी येशुदासची बायको प्रेमाबाई आमच्या दारावरून चालली होती, तिला आत्याबाईंनी हाक मारली. मला वाटलं, झालं! आता हिला चार शब्द ऐकवणार! तर काय विचारावं? "का गं प्रेमा, ती कोंबडी मऊ अस्ती का?" ती म्हणाली, "लोण्यावानी, मावशी." "मग मीबी येते!"

मी परवानगी मागितली होती, पांडुरंगानं सोबत दिली! पण बुधवार गेला. राहिला शुक्रवार. एक का होईना, आहे ना? एक वार काय कमी आहे?

तर शुक्रवारी ह्यांची दुपारची पाळी! बदली कोण उभा राहणार? ह्यांच्या जोडीचा सांधेवाला, दगडोबा. दगडोबा म्हणतो, "मला तळेगावला सासुरवाडीला जायाचंय." झालं! सगळं जुळून आलं, आणि वार आडवा आला! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी अंघोळ करून थेट देवघरात. आई लक्ष्मी, दगडोबाचं सासुरवाडीला जाणं पुढं ढकल, कुणाला काही होऊ देऊ नको, दुखणं नको, खुपणं नको, नुसतं पुढं ढकल. ह्यांना सुट्टी मिळाली की लगेच, त्याच आठवड्यापासून, पाच शुक्रवार धरीन.

आणि गुरुवारी दगडोबा दारात! "वैनी, सासऱ्याचा सांगावा आला, पुढच्या आठवड्यात या म्हनं. तुमच्या मालकांना सांगा, उद्या मी उभा ऱ्हातो."

अहो, मी नाचायचीच राहिले! ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं, नथ पुसली, आत्याबाईंना वेणी घालून दिली, आणि शुक्रवारी भर दुपारी आम्ही तिघं पडद्याआड! खुर्ची! काय सांगू तुम्हाला, पाय खाली लोंबकळतात, त्यांचं करायचं काय कळेना, शेवटी मी वर मांडीच घातली. येशुदासनं साहेबाकडचा पांढरा डगला घातलेला, पितळी बटणं चकचकीत. पुढ्यात काटे-सुऱ्या मांडल्या. आत्याबाई म्हणाल्या, "ह्ये कशापायी रं? मेलेल्या कोंबडीला आनखी टोचायचं?" येशुदासनं लगेच उचलल्या.

आणि आली! ताटलीत सोन्याचा डोंगर हो! वर लिंबाची फोड, शेजारी कांद्याच्या चकत्या. आत्याबाईंना मऊ तुकडा दिला, ह्यांना दिला, आणि मग मी माझी तंगडी उचलली. बोट लागलं तरी कुर्र वाजत होती! तोंड उघडलं, डोळे मिटले...

"सरू," आत्याबाई चघळत चघळत म्हणाल्या, "आज सुक्रवार न्हाई का गं?"

शुक्रवार! पहिला शुक्रवार! माझाच बोललेला! माझे डोळे उघडले आणि तोंड मिटलं.

हे म्हणाले, "अगं, देवीला सांग, पुढच्या सुक्रवारपासनं धरते."

मी म्हटलं, "देवीनं दगडोबाला आज उभा केलाय, तो काय पुढच्या शुक्रवारी केला?" तर माझ्या हातातली तंगडी ह्यांनी काढून घेतली, वाया जाऊ नये म्हणून. आणि इतक्या हळुवार काढून घेतली, बायांनो... लग्नातसुद्धा हात एवढ्या हळुवार धरला नव्हता!

पडद्याआडून प्रेमाबाई बघत होती. आली, माझ्याजवळ बसली. "वैनी, माझ्या दारातनं तुम्ही उपाशी जायाच्या? परवा रविवारी आमच्या घरी या. उपासनेहून आल्यावर मी सोता तळते. दुकानाला रविवार, घरच्या चुलीला कुठं रविवार?" आणि येशुदास म्हणाला, "खुर्ची मी हितनं घरी नेतो."

खुर्चीसुद्धा! माझे डोळे भरून आले. रविवार! माझा एकुलता एक मोकळा वार! मला काही सुचेना, आणि मग नेहमी जे होतं तेच झालं, हात आपोआप जोडले गेले, आणि मोठ्यांदा, सगळ्यांदेखत मी म्हटलं, "खंडेराया, एवढा रविवार निर्विघ्न पार पडू दे, येत्या रविवारपासून पाच रविवार उपास धरीन!"

ह्यांचा घास तोंडातच थांबला. आत्याबाईंनी कपाळाला हात लावला, तेलकट होता तरी. येशुदास प्रेमाबाईकडं बघायला लागला, प्रेमाबाई माझ्याकडं, आणि मी... मी कुणाकडं बघू?

तर गेल्या रविवारी मी जाऊन आले. खंडेरायानं काही म्हणजे काही विघ्न येऊ दिलं नाही. खुर्चीवर बसले, ह्यांच्या शेजारी. येशुदासनं डगला घालून वाढलं. दुसऱ्यानं केलेलं, ताटात वाफ निघत होती, बोटं भाजत होती. प्रेमाबाईच्या हाताला चव आहे हो! पहिल्यांदाच केली म्हणाली, पण भगर अशी मोकळी झाली होती, अशी मोकळी...