बाई एकदम गोड बोलायला लागल्या

मी मूळची हडपसरची, आता टॉवर झालेत ते न्हाई, तेव्हा गाव होतं, आमचा भाजीचा मळा होता, आन् वडील देवळात भजनाला बसायचे, त्यांच्याशेजारी बसून बसून सूर कानात गेला, शिकले असं काही न्हाई. लग्नानंतर शिवणकाम करायचे. आमच्या बाई, म्हणजे गाणाऱ्या बाई, मोठं नाव हाय त्यांचं, त्यांच्या ब्लाऊजचं माप घेताना मी गुणगुणत होते, तर म्हणाल्या, अगं तू सुरात आहेस, बस तानपुऱ्यावर. तेव्हापासून वीस वर्षं मी त्यांच्या मागं बसते.

काय सांगू तुम्हाला, वीस वर्षांत कार्यक्रमाच्या पत्रिकेत कधी माझं नाव न्हाई. आन् यंदा गाण्यांचा हंगाम जवळ आला तशा बाई एकदम बदलल्या. शालनताई बसा काय, चहा घ्या काय, कार्यक्रमाला साडी मी घेते काय. म्हटलं ही निरोपाची तयारी हाय, माझ्या जागी कोणीतरी शिष्या बसणार. तर सुनेनं मोबाईलवर पत्रिका दाखवली, खाली माझं नाव, पुढं लिहिलेलं, तानपुरा आणि स्वरसाथ. स्वरसाथ म्हणजे मागून गायचं. मी तर स्टेजवर कधी तोंड उघडलं न्हाई, आन् मला विचारलंही न्हाई कोणी.

मग मी लक्ष ठेवलं. रियाजात वरचा सा आला की बाईंना खोकला यायचा. खालच्या सुरात कसा येत न्हाई? एकदा मी हळूच तो सा धरला, तर बाईंनी तो माझ्यावर सोडला, आन् खोकला आलाच न्हाई.

तानपुरा ठेवला आन् सरळ विचारलं, बाई, आवाज चढत न्हाई का. त्यांनी उठून दार लावलं, म्हणाल्या, डॉक्टर गाणं बंद करा म्हणतात, कुणाला बोलू नकोस, तू मागून हळूच धर, लोकांना वाटेल मीच. म्हटलं, म्हणजे साडी त्यासाठी. मला राग आला, आन् खरं सांगते, रडूही आलं. म्हटलं गाईन, पण चोरून न्हाई, तुम्ही सुरुवातीलाच लोकांना सांगायचं, आज हिचा आवाज सोबत हाय. दाराची कडी काढत म्हणाल्या, सांगते.

शनिवारी कार्यक्रम हाय. सांगतील का, माझा अजून भरवसा बसत न्हाई, माईक त्यांच्यापुढं असणार. बाईंचा गळा तेवढे दोन तास टिकू दे, मनापासून म्हणते. पण त्या न्हाई बोलल्या, तर मी काही हळू गाणार न्हाई.