सातवा पेला

दहा पेल्यांची ती पैज मीच मोठ्या तोऱ्यात घेतली होती, हे आधी सांगून टाकतो. माहा मामेभाऊ शरद उन्हाळ्यात नागपूरहून आमच्या धामणगावात आला तो चाकाचे जोडे घेऊनच. म्हणे, "कापसाच्या जिनिंगच्या ओट्यावर दहा पेले मांडू. एकही न पाडता मधून नागमोडी जाऊन दाखव, जोडे तुह्ये."

"अन् पाडला तं?"

"तं पुन्हा जोड्याले हात लावायचा नाही."

आठ दिवस मी नुसता पडलो. गुडघे सोलले, माय हळद लावून लावून थकली, पण मी काही सोडलं नाही. बाकी सारे पेले जमाले लागले. सातव्यापाशी ओट्याले उतार होता, तो मात्र रोज पडे. म्हणून पैजेच्या सकाळी पेले मांडायचं काम मीच घेतलं.

सारी पोरं जमली. सहा पेले झकास पार केले. सातव्याले पाय लागला, पण पेला जागचा हलला नाही. मीच त्याच्यावरून उडालो अन् तोंडावर आपटलो.

उठून म्हटलं, "पेला पडला का? नाही ना? मंग जोडे माहे."

शरदनं पेला उचलाले हात घातला, तं येईना. दोन्ही हातानं ओढला तवा निघाला, अन् बुडाले सडकेच्या कामावरचं डांबर.

"हे कोणं केलं बे?"

सारी पोरं माह्याकडं पाहून राह्यली. नाकातून रक्त गळून राह्यलं होतं, खोटं काही सुचेना.

"म्या केलं," म्हटलं. "पण फक्त सातव्याले. पहिले सहा इमानदारीचे हायेत. उद्या पेले तू मांड, सातवा बी करून दाखवतो."