वखारीतली झोप

(एचएसआर लेआउटमधलं भाड्याचं घर, रविवारची दुपार. रोशन बाथरूममध्ये, त्याचा कन्नडभाषिक जोडीदार यशोवर्धन बंद दाराबाहेर.)

यशोवर्धन : परत पेटवलीस? धूर दाराखालून येतोय रे. खोकून खोकून जीव जाईल एक दिवस.

रोशन : पवित्रा कालपासून फोन उचलेना. ताईच ती माझी, मन थाऱ्यावर नाही. संपली की येतो.

यशोवर्धन : सरी, ठीक आहे, पण बाल्कनी आहे, गच्ची आहे. सिगरेटीसाठी स्वतःला कोंडून का घेतोस?

रोशन : लहानपणची सवय.

यशोवर्धन : म्हणजे?

रोशन : निपाणीला बाबांची तंबाखूची वखार होती. पवित्राच्या बांगड्या घालून नाचताना त्यांनी मला पकडलं. पट्ट्यानं फोडलं आणि वखारीत पोत्यांमध्ये कोंडलं. मग ते नेहमीचंच झालं.

यशोवर्धन : केवढा होतास?

रोशन : दुसरीत. पण बाहेरून कडी लागली की मार थांबायचा बघ. त्या वासात मला गाढ झोप यायची. अजून भीती वाटली की तोच वास लागतो.

यशोवर्धन : कधी बोलला नाहीस.

रोशन : तू विचारलंस कुठं? नुसतं 'सोड, सोड'.

यशोवर्धन : रोशन, स्वल्प... जरा दार उघड. एक सांगायचंय.

रोशन : तिथनंच सांग.

यशोवर्धन : काल मी पवित्राला फोन केला. घरचं कुणी समजावलं तर तुझी सिगरेट सुटेल, असं वाटलं. फोन तुझ्या बाबांनी उचलला.

रोशन : काय बोललास?

यशोवर्धन : खरं तेच. आमचं प्रेम आहे, एकत्र राहतो. माझ्या अम्मानं कसं हसत घेतलं, तसंच होईल वाटलं. आणि चिडले नाहीत रे! किती गोड बोलले. पत्ता विचारला.

रोशन : दिलास?

यशोवर्धन : अरे, ते...

रोशन : यशो, पत्ता दिलास?

यशोवर्धन : दिला. पोराला बघावंसं वाटतंय म्हणाले. तुझ्या चुलतभावांना घेऊन गाडीनं येणार आहेत. आज. तुला आधी सांगू नको म्हणाले.

रोशन : ते गोड बोलायला लागले की आई आम्हाला घेऊन शेजारी पळायची. मला भीती वाटते यशो. पुढचं दार लाव आधी.

यशोवर्धन : लावलंय. थांब... बेल वाजली.

रोशन : उघडू नको!

यशोवर्धन : कोण आहे?

बाबा (बाहेरून) : मी, रोशनचा बाप. उघडा की. घाबरू नका, खाली वॉचमनला सांगून आलोय, पोरगं आजारी हाय, नेताना जरा ओरडंल म्हणून.