अकरा पात्यांचा पंखा

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे आमचे मुख्य अभियंता साहेब, वहिनीसाहेब, आणि कारखान्यातल्या माझ्या जुन्या-नव्या सोबत्यांनो,

मी सातवी शिकलेला, निवृत्त फिटर. मागे ऐकू येतंय ना? कागद लिहून आणलाय, पण भाषणाची सवय नाही. सांभाळून घ्या.

साहेबांनी आवाज न करणारा पंखा शोधला, त्याचं प्रमाणपत्र या भिंतीवर आहे. त्याची गोष्ट साहेब दर समारंभात सांगतात, आत्ताही सांगितली. "आमच्या एका फिटरने पात्यांची अंतरं चुकवली, आणि त्या चुकीतून मला गणित सुचलं!" सगळे हसले. मीही हसलो. सव्वीस वर्षं हसतोय.

गणित साहेबांचंच, त्याबद्दल वाद नाही. दोन वर्षं आकड्यांत मान घालून बसले होते. ते माझ्या बापालाही जमलं नसतं. पण त्याआधीचं काय?

पाळी सुटली की आम्ही लोखंडी जिन्यावरून उतरायचो. पावलं जुळली की जिना घुमायचा, विस्कटली की नुसती कुजबुज. मनात आलं, आमच्या शेडच्या पंख्याची अकरा पातीही सारख्या अंतराने, एका ठेक्यात चालतात, म्हणून तर पंखा बोंबलत नसेल? जेवताना ताटाच्या काठावर बोटांनी अंतरं मोजायचो. आमची ही म्हणायची, "अहो, ताटात काय हरवलंय तुमचं?"

शेवटी एका नव्या पंख्याची पाती बसवताना ड्रॉइंग बाजूला ठेवून मी अंतरं कमीजास्त केली. तपासणीत पकडलं गेलं. साहेबांनी विचारलं, "मुद्दाम केलंस?" ड्रॉइंग मुद्दाम मोडणाऱ्याला तेव्हा घरी पाठवत. पदरात दोन लेकी. म्हटलं, "नाही साहेब, चुकलं. पुन्हा होणार नाही." निष्काळजीपणाची लेखी ताकीद मिळाली, पंखा भंगारात गेला. महिन्याने शेडमधला चालू पंखा मोडला, म्हणून भंगारातून काढून तोच तात्पुरता बसवला, आणि शेड गप्प झाली. ताकीद मात्र फाइलीत तशीच राहिली. मी कधी मुकादम झालो नाही.

परवा नातीने विचारलं, "आजोबा, तुम्हाला मोजता येत नव्हतं का?" म्हणून आज बोलतोय.

साहेब, अंतरं चुकून बिघडली असती तर पंखा फिरताना थडथडला नसता का? तो थडथडला नाही, कारण तीन दिवस कानस मारून मी त्याचा तोल साधला होता. चुकीला इतका तोल असतो? मला अंतरांचं जिन्यावर कळलं, तर हा तोल मुद्दाम साधलाय हे तुम्हाला गणितात दिसलं नसेल, असं कसं मानू?

मी खोटं बोललो, भीतीने. तुम्ही ते खरं धरलंत, सोयीने. आता तुम्हालाही नोकरीची भीती नाही, मलाही नाही. हार घालून घ्यायच्या आधी एवढं एकदा या माइकवरून सांगाल?

वेळ संपल्याची चिठ्ठी आली. आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही चुकलं असेल तर पदरात घ्या. पंख्यात चुकलं नव्हतं.